बारा व्होल्टचे विंच (उचलयंत्र म्हणून वापर)

बारा व्होल्टचे विंच हे बॅटरीवर चालणारे, दोर गुंडाळून भार ओढणारे यंत्र आहे. दिष्ट विद्युतधारेवर, म्हणजेच व्यवहारातील भाषेत डीसीवर चालणारी मोटार, वेग कमी करून बल वाढवणारी गिअरची मालिका, पोलादी किंवा कृत्रिम धाग्याचा दोर गुंडाळणारा ड्रम आणि मोटारीची दिशा बदलणारे कॉन्टॅक्टर हे त्याचे मुख्य भाग होत. चिखलात रुतलेली जीप बाहेर काढणे, नौका ट्रेलरवर चढवणे, बंद पडलेले वाहन गाडीत ओढून घेणे यांसाठी हे यंत्र तयार केले जाते. घरालगतच्या लहान कार्यशाळेत तेच यंत्र तुळईला किंवा तिकाटण्याला बसवून इंजिन, गिअरबॉक्स, पाण्याचा पंप अशा वस्तू उभ्या उचलण्यासाठीही वापरले जाते. अशा वापरात दोन वेगळे प्रश्न निर्माण होतात. पहिला प्रश्न घरातील २३० व्होल्टच्या विजेवरून बारा व्होल्टची मोठी विद्युतधारा कशी मिळवावी हा, आणि दुसरा प्रश्न ओढण्यासाठी बनवलेले यंत्र टांगलेला भार धरून ठेवण्यास योग्य आहे काय हा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. अपघात मात्र बहुधा दुसऱ्याकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

पार्श्वभूमी

दोर आणि चाक यांच्या साहाय्याने भार उचलण्याची परंपरा महाराष्ट्रात विहिरीभोवती वाढली. हाताने फिरवायचा रहाट आणि बैलांनी ओढायची मोट ही तिची जुनी रूपे. मोटेचा नाडा विहिरीच्या काठावरील लाकडी चौकटीतल्या चाकावरून जाई आणि बैल धावेच्या उतारावरून खाली चालत जाऊन तो ओढत. उतारामुळे बैलांच्या ताकदीला त्यांच्या स्वतःच्या वजनाची जोड मिळे.

बारामती तालुक्यातील मोरगाव हे कऱ्हा नदीकाठचे गाव अष्टविनायकांपैकी पहिला गणपती श्री मयूरेश्वर याच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. तालुक्याचा दक्षिण भाग नीरा डाव्या कालव्यामुळे बागायती झाला, तर मोरगाव, सुपे हा भाग पर्जन्यछायेत येत असल्याने जिरायती पट्टा म्हणून ओळखला जातो. अशा भागात विहीर खोलवर न्यावी लागते. वरची माती आणि मुरूम संपला की दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण लागतो. तो सुरुंगाने फोडून वर काढण्यासाठी यारी वापरतात. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभा केलेला, आडव्या बाहूचा मोठा उचलसांगाडा. डिझेल इंजिनावर फिरणाऱ्या ड्रमवर तिचा पोलादी दोर गुंडाळला जातो आणि चालक क्लच व ब्रेक यांच्या साहाय्याने बकेट वर-खाली करतो. मोटेची जागा पुढे डिझेल इंजिनाने आणि विजेच्या पंपाने घेतली. पंप नादुरुस्त झाला की विहिरीतून किंवा कूपनलिकेतून तो वर काढावा लागतो, त्यामुळे उचलण्याचे काम संपले नाही. गावोगावच्या वेल्डिंग, ट्रॅक्टर दुरुस्ती आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत हे काम चेन पुली ब्लॉक, तीन पायांचे तिकाटणे आणि चार माणसांचे हात यांवर चालते. बारा व्होल्टचे विंच हे या साधनांत अलीकडे पडलेली भर होय.

उद्योगाच्या दृष्टीने पाहता, वाहनावर बसवायचे विजेचे विंच अमेरिकेत लोकप्रिय झाले. तेथील वॉर्न या उत्पादकाने १९५९ मध्ये हौशी वाहनचालकांसाठी विजेचे विंच बाजारात आणले. त्यानंतरच्या दशकांत हे यंत्र लहान आणि स्वस्त होत गेले. सध्या सर्वाधिक दिसणारा लहान आकार २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅम ओढक्षमतेचा आहे.

ओढक्षमतेचा अर्थ

विंचवर लिहिलेला आकडा अनेकदा गैरसमज निर्माण करतो. ९०७ किलोग्रॅम हा आकडा ड्रमवर दोराचा पहिलाच थर असताना, मोटार जवळजवळ थांबण्याच्या बेतात येईपर्यंत मिळणाऱ्या कमाल ओढीचा असतो. दोराचे थर वाढतात तसा ड्रमचा परिणामी व्यास वाढतो आणि ओढ कमी होते. शिवाय वाहन चाकांवर असते. सपाट रस्त्यावरील वाहन ओढण्यास त्याच्या वजनाच्या अगदी लहान अंशाइतके बल पुरते आणि दोर तुटलाच तर वाहन बहुधा जागेवर राहते. टांगलेल्या भाराचे पूर्ण वजन दोरावर सतत असते आणि दोर तुटल्यास तो खाली असलेल्या वस्तूवर किंवा माणसावर कोसळतो.

याच कारणाने युरोपीय मानकांत शक्तिचालित विंच आणि शक्तिचालित उचलयंत्रे यांची वेगवेगळी मानके आहेत : अनुक्रमे ईएन १४४९२-१ आणि ईएन १४४९२-२. भारतात पोलादी दोराच्या विजेच्या उचलयंत्रांसाठी आयएस ३९३८ आणि हाताने चालवायच्या चेन पुली ब्लॉकसाठी आयएस ३८३२ ही मानके आहेत. उचलयंत्राच्या दोरात साधारणतः पाचपट सुरक्षा गुणक अपेक्षित असतो, म्हणजे दोराची तुटण्याची मर्यादा कामाच्या भाराच्या पाचपट असावी लागते. वाहनाच्या विंचला हा नियम लागू नसल्याने त्याच्या दोराची मर्यादा लिहिलेल्या ओढीहून फारशी जास्त नसते. म्हणून २,००० पौंडांचे विंच उभ्या उचलीसाठी वापरायचेच असेल तर भार दोनशे किलोग्रॅमच्या आत ठेवणे हा शहाणपणाचा हिशेब आहे. बहुतेक उत्पादकांच्या सूचनांत मात्र टांगून उचलण्यास सरसकट मनाई असते. अशा विंचचा उचलयंत्र म्हणून वापर ही वापरणाऱ्याची स्वतःची जबाबदारी ठरते.

विद्युतधारेचा हिशेब

दोनशे किलोग्रॅम वजनाचे इंजिन तीन मीटर उंच उचलण्यास सुमारे ५,९०० ज्यूल, म्हणजे दोन वॅट-तासांहूनही कमी ऊर्जा लागते. हे काम एका मिनिटात करायचे असल्यास लागणारी यांत्रिक शक्ती जेमतेम १०० वॅट असते. लहान विंचची मोटार, गिअर आणि ड्रम यांची एकत्रित कार्यक्षमता एक तृतीयांश धरली तर विद्युतशक्ती सुमारे ३०० वॅट होते. २३० व्होल्टवर हे काम सव्वा ते दीड अँपिअरमध्ये, म्हणजे मिक्सरपेक्षाही कमी विजेत झाले असते. बारा व्होल्टवर मात्र त्यासाठी २५ अँपिअर लागतात.

अडचण या सरासरीत नाही, आरंभात आहे. फिरणारी मोटार स्वतःच पुरवठ्याविरुद्ध विद्युतचालक बल निर्माण करते आणि त्यामुळे तिच्यातील धारा मर्यादित राहते. स्थिर मोटारीत हे विरोधी बल शून्य असते. मग धारेला अडवण्यास केवळ तांब्याच्या गुंडाळ्यांचा, ब्रशांचा आणि तारांचा रोध उरतो. हा एकूण रोध ०.०४ ओहम असेल तर क्षणभर ३०० अँपिअर धारा वाहू पाहते. भार पुरेपूर असताना लहान विंच सातत्यानेही शंभर अँपिअरच्या आसपास धारा घेते, तर रिकामे फिरताना ती दहा-पंधरा अँपिअर असते. म्हणजे वीजपुरवठा असा हवा की, जो थोडा वेळ खूप देऊ शकेल आणि उरलेला वेळ काहीच देणार नाही.

जिरायती भागात या प्रकारची अडचण पाण्याच्या बाबतीत रोजची आहे. कूपनलिकेचे बारीक पाणी थेट पाटात सोडले तर ते जागीच जिरते. म्हणून ते हौदात साठवतात आणि हौद भरल्यावर मोठ्या धारेने सोडतात. विजेच्या बाबतीत हौदाचे काम बॅटरी करते.

वीजपुरवठ्याचे मार्ग

बॅटरी आणि चार्जर. सर्वाधिक भरवशाचा मार्ग म्हणजे वाहनाची शिसे-आम्ल बॅटरी विंचजवळ ठेवून तिला लहान चार्जर कायम जोडलेला राहू देणे. वरील उदाहरणात एका उचलीस २५ अँपिअर धारा एक मिनिट लागते, म्हणजे बॅटरीतून ०.४२ अँपिअर-तास खर्च होतात. दहा अँपिअरचा चार्जर तेवढी भर सुमारे तीन मिनिटांत घालतो. लहान कार्यशाळेत दोन उचलींमध्ये याहून कितीतरी जास्त वेळ जातो. दहा अँपिअरचा चार्जर आणि ३०० अँपिअरची मागणी यांचा मेळ अशा रीतीने बसतो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची असे ठरवले तरी चार्जर बंद असताना, म्हणजे वीज गेली असताना, शंभराहून अधिक उचली होऊ शकतात. ग्रामीण भागात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे, कारण अर्ध्यावर टांगलेले इंजिन खाली घेण्यासाठी वीज परत येण्याची वाट पाहावी लागत नाही.

बॅटरीचा प्रकार विचारपूर्वक निवडावा लागतो. ट्रॅक्टरची किंवा ट्रकची बॅटरी सेल्फ फिरवण्यासाठी बनवलेली असते. तिच्यातील पत्रे पातळ व संख्येने जास्त असल्याने ती थोडा वेळ कित्येक शे अँपिअर देऊ शकते. घरातील इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी याउलट तासन् तास मंद धारा देण्यासाठी असते. तिची क्षमता १५० अँपिअर-तास असली तरी आरंभीच्या झटक्यात तिचा व्होल्टेज अधिक पडतो. हलक्या भारासाठी ती चालते, पण दुकानात आधीच आहे एवढ्याच कारणाने तिची निवड करणे योग्य नाही. दुसरी नेहमीची काटकसर म्हणजे ट्रॅक्टरमधून काढून टाकलेली जुनी बॅटरी विंचला लावणे. जी बॅटरी ट्रॅक्टरचा सेल्फ मारत नाही ती विंचलाही पुरत नाही, कारण दोन्ही कामांची मागणी एकाच प्रकारची आहे.

चार्जर स्वयंचलित असावा. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर कायम राहणारा व्होल्टेज साधारण साडेतेरा ते पावणेचौदाच्या दरम्यान असावा. साध्या ट्रान्सफॉर्मरचा जुना चार्जर रात्रभर चालू राहिला तर बॅटरीतील पाणी आटते आणि उन्हाळ्यात हे फार लवकर घडते. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. त्यामुळे ती बंद कपाटात किंवा वेल्डिंगच्या ठिणग्यांच्या कक्षेत ठेवू नये.

सौर पॅनेल. शंभर वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात सुमारे पाच अँपिअर देते. भार-नियंत्रकामार्फत ते जोडल्यास दिवसातील काही डझन उचलींची भर आरामात घालते. वीजजोडणी नसलेल्या शेतातील शेडसाठी हा मार्ग सोयीचा आहे.

स्विच-मोड पुरवठा. एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा स्विच-मोड पुरवठा कागदावर पुरेसा वाटतो. प्रत्यक्षात मोटार सुरू होण्याच्या क्षणी त्याचे अतिभार संरक्षण कार्यान्वित होते, पुरवठा बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो आणि भार हिसके खात लटकतो. शंभर अँपिअरचे पुरवठेही मिळतात, पण आरंभीच्या झटक्याला तेही अपुरे पडू शकतात. भार खाली येताना काही रचनांत मोटार जनित्राप्रमाणे वागून उलट ऊर्जा पाठवते. बॅटरी ती सामावून घेते, इलेक्ट्रॉनिक पुरवठा बहुधा घेऊ शकत नाही. स्वयंचलित चार्जर बॅटरीशिवाय थेट विंचला जोडण्याचाही प्रयत्न केला जातो. बॅटरीचा व्होल्टेज जाणवल्याशिवाय असे बहुतेक चार्जर धाराच सोडत नाहीत.

वेल्डिंग यंत्र. शंभर-दोनशे अँपिअर देणारे यंत्र दुकानात उभे असल्याने ते विंचला जोडण्याचा मोह होतो. हा मार्ग पूर्णपणे टाळावा. आर्क वेल्डिंग यंत्राचा भाररहित व्होल्टेज साधारण ५० ते ८० असतो, म्हणजे विंचच्या गरजेच्या चार ते सात पट. ट्रान्सफॉर्मरचे यंत्र त्यातही प्रत्यावर्ती धारा देते आणि स्थायी चुंबकाची मोटार तीवर फिरतच नाही, नुसती तापते.

चोवीस व्होल्ट. ट्रकसाठी चोवीस व्होल्टची विंचेही मिळतात. त्याच शक्तीसाठी त्यांना निम्मी धारा लागते आणि तारांतील हानी एक चतुर्थांश होते. नव्याने खरेदी करताना दोन बॅटऱ्यांचा खर्च परवडत असेल तर हा पर्याय तांत्रिकदृष्ट्या सरस आहे.

तारा आणि जोडण्या

घरातील वायरिंगच्या अनुभवावरून बारा व्होल्टच्या तारा निवडणे ही सर्वात सामान्य चूक आहे. बॅटरी विंचपासून पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तारेची लांबी दहा मीटर होते. पॉवर पॉइंटला वापरली जाणारी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली तर एवढ्या लांबीचा रोध सुमारे ०.०६९ ओहम येतो. शंभर अँपिअरला तीत ६.९ व्होल्ट खर्च होतात. मोटारीच्या वाट्याला पाच व्होल्ट उरतात आणि तारेत ६९० वॅट उष्णता निर्माण होते. ही जवळजवळ एका लहान इस्त्रीइतकी उष्णता आहे. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट सुमारे १.१ व्होल्ट, तर २५ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ०.७ व्होल्ट असते. वेल्डिंगची केबल लवचीक आणि जाड असल्याने या कामाला चांगली चालते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे बॅटरीच विंचच्या जवळ नेणे आणि लांबची वाट २३० व्होल्टच्या चार्जरच्या बारीक तारेला करू देणे.

व्होल्टेज कमी पडण्याचे परिणाम दुहेरी आहेत. भाराखाली मंद झालेली मोटार तेवढीच धारा अधिक वेळ ओढते आणि तिचा थंडावा मात्र कमी होतो. दुसरीकडे कॉन्टॅक्टरची गुंडाळी अपुऱ्या व्होल्टेजवर थरथरते, त्याचे संपर्क ठिणग्यांनी भाजतात आणि शेवटी एकमेकांना चिकटून बसतात. कॉन्टॅक्टर चिकटला की बटण सोडल्यावरही मोटार थांबत नाही. आकडा कप्पीला जाऊन भिडतो आणि दोर, तुळई किंवा विंचचे बोल्ट यांपैकी जे सर्वात कमकुवत असेल ते तुटते. त्यामुळे बॅटरीच्या धन टोकाजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज आणि चालकाच्या हाताच्या अंतरावर बॅटरी तोडणारा मोठा स्विच या दोन गोष्टी ऐच्छिक मानता येत नाहीत. घरातील साधा एमसीबी येथे चालत नाही. प्रत्यावर्ती धारा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्याने संपर्कांमधील ठिणगी आपोआप विझते. दिष्ट धारेत तसे होत नाही आणि ठिणगी तेवत राहून स्विचच जळतो. डीसीसाठी प्रमाणित केलेले ब्रेकर वेगळे मिळतात.

बारा व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही, म्हणून ही वायरिंग निर्धोक आहे असा समज आहे. बॅटरीच्या दोन टोकांवर पडलेला पाना मात्र क्षणात लाल होतो आणि हातातील अंगठी किंवा धातूचे कडे त्या मार्गात आले तर गंभीर भाजते.

ब्रेक आणि भार धरून ठेवणे

उचलयंत्राची खरी परीक्षा मोटार बंद असताना होते. विंचमध्ये भार धरण्याच्या तीन रीती आढळतात. वर्म गिअरच्या विंचमध्ये गिअरचे घर्षणच ड्रमला उलटे फिरू देत नाही. कार्यक्षमता कमी आणि वेग मंद असला तरी टांगलेल्या भारासाठी ही रचना सर्वात अनुकूल आहे. प्लॅनेटरी गिअरच्या विंचमध्ये बहुधा ड्रमच्या आत स्वयंचलित घर्षण ब्रेक असतो. तो भार धरतो, पण भार खाली घेताना घासून तापतो आणि ती उष्णता ड्रमवरील दोराला मिळते. कृत्रिम धाग्याचा दोर अशा उष्णतेने आतून कमकुवत होतो आणि बाहेरून ते दिसत नाही. अत्यंत स्वस्त विंचमध्ये केवळ मोटारीचे विद्युत अवरोधन असते. त्यात भार थांबत नाही, हळूहळू घसरतो. असे विंच उचलण्यासाठी वापरू नये.

दुसरा धोका क्लचचा. वाहनाच्या विंचमध्ये दोर हाताने झटकन ओढून नेता यावा म्हणून ड्रम मोकळा करणारा खटका असतो. भार टांगलेला असताना तो खटका फिरला तर मध्ये कोणताही ब्रेक उरत नाही. उचलीसाठी बसवलेल्या विंचमध्ये हा खटका बोल्टने किंवा पट्टीने कायमचा बंद करतात. चांगल्या उचलयंत्रात आकडा सर्वोच्च बिंदूला पोहोचताच मोटार तोडणारा मर्यादा स्विच असतो. विंचमध्ये तो नसल्यामुळे वेगळा बसवावा लागतो. साधा लिव्हर स्विच कॉन्टॅक्टरच्या गुंडाळीच्या वाटेत घातला तरी पुरतो, मात्र चिकटलेल्या कॉन्टॅक्टरपुढे त्याचा उपयोग नसतो.

भार उचलल्यानंतर त्याखाली काम करायचे असल्यास विंचवर विसंबू नये, लाकडी ठोकळे किंवा पोलादी घोडी लावून भार तीवर टेकवावा, हा वाहन दुरुस्तीतील जुना नियम येथेही तसाच लागू होतो. माणसाला या यंत्राने वर किंवा खाली नेणे सर्वथा वर्ज्य आहे. विहिरीच्या कामात यारीच्या बकेटमधून कामगार उतरण्याची पद्धत आढळते आणि दोर तुटून किंवा ब्रेक निसटून त्यात मृत्यू झाले आहेत. यारीपेक्षा कितीतरी हलक्या असलेल्या विंचच्या बाबतीत तर या प्रश्नाला दुसरी बाजूच नाही.

तुळई आणि कप्पी

विंच कुठे बसवावे यावर तुळईवरील भार अवलंबून असतो. विंच वर तुळईलाच टांगले तर तुळईवर भार आणि विंचचे स्वतःचे वजन एवढेच येते. विंच खाली जमिनीवर बसवून दोर वरच्या कप्पीवरून घेतला, तर कप्पीच्या एका बाजूस दोनशे किलोग्रॅमचा भार आणि दुसऱ्या बाजूस तेवढीच ओढ अशी जवळजवळ चारशे किलोग्रॅमची ओढ तुळईवर येते. मोटेच्या चौकटीला जाड लाकूड लागे ते याच कारणाने, कारण तिला पाण्याचे वजन आणि बैलांची ओढ दोन्ही सोसावी लागत.

पत्र्याच्या शेडची कैची छताचे वजन आणि वाऱ्याचा दाब सोसण्यासाठी असते. तिच्या मधल्या पाइपला किंवा अँगलला एकाच बिंदूत शेकडो किलोग्रॅमचा भार देणे तिच्या रचनेत गृहीत नसते. त्यासाठी दोन स्वतंत्र खांबांवर टाकलेला गर्डर किंवा रुंद पायांचे तिकाटणे हवे. तिकाटण्याचे पाय गुळगुळीत कोब्यावर बाहेर सरकतात, म्हणून ते साखळीने एकमेकांना बांधतात.

भारालाच एक फिरती कप्पी लावून दोराचे टोक पुन्हा तुळईला बांधल्यास दोरातील ताण निम्मा होतो. त्याबरोबर मोटारीची धारा आणि ब्रेकवरील भारही कमी होतो. वेग निम्म्यावर येतो, पण इंजिन त्याच्या बैठकीवर नेमके बसवताना मंद वेग हा दोष न ठरता गुणच ठरतो. घरगुती वापरात एवढ्या कमी खर्चात एवढा फायदा देणारी दुसरी सुधारणा नाही.

दोर

विंचचा ड्रम लहान असतो. उचलयंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकांत वापराच्या तीव्रतेनुसार ड्रमचा व्यास दोराच्या व्यासाच्या साधारण ११ ते २५ पट अपेक्षित असतो. लहान विंचमध्ये हे प्रमाण अनेकदा दहापटीपेक्षाही कमी असते. परिणामी दोर प्रत्येक वेळी तीव्र वाकतो आणि त्याच्या तारा लवकर थकतात. वर्षातून चारदा वापरायच्या यंत्रात हे खपते, रोज वापरायच्या यंत्रात नाही. पोलादी दोर वापरताना ड्रमवर किमान पाच वेढे कायम शिल्लक ठेवतात, कारण ड्रममध्ये दोर अडकवणारा स्क्रू भार सोसण्यासाठी नसतो, घर्षणाने वेढेच तो सोसतात. तुटलेल्या तारा, पीळ उलगडून फुगलेला भाग, बसलेली गाठ किंवा आतपर्यंत गेलेला गंज दिसल्यास दोर कापून जोडण्याऐवजी पूर्ण बदलावा लागतो.

कायदेशीर बाजू

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ मध्ये उचलयंत्रे, साखळ्या आणि दोर यांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा तपासणी करण्याची आणि सुरक्षित कार्यभार यंत्रावर ठळक लिहिण्याची तरतूद होती. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये या अधिनियमाचा समावेश करण्यात आला. घरालगतची एक-दोन माणसांची कार्यशाळा कारखान्याच्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे तेथे तपासणीसाठी कोणी येत नाही. भाराची मर्यादा रंगाने विंचवर लिहून ठेवणे मात्र कोणालाही शक्य आहे, आणि दुसऱ्याच्या हाती यंत्र देण्याची वेळ येते तेव्हा त्याचा उपयोग होतो.

पर्याय

२३० व्होल्टवर चालणारी लहान विजेची उचलयंत्रे १०० ते ५०० किलोग्रॅम क्षमतेत मिळतात. ती उभ्या उचलीसाठीच बनवलेली असतात, त्यांत ब्रेक आणि वरचा मर्यादा स्विच असतो, आणि त्यांना घरातील साधा पॉवर पॉइंट पुरतो. वीज भरवशाची असेल आणि विंच विकत घ्यायचे बाकी असेल तर बारा व्होल्टचा सगळा खटाटोप करण्यापेक्षा असे यंत्र घेणे अधिक सुरक्षित आहे. चेन पुली ब्लॉकला तर वीजच लागत नाही. साखळी सोडून दिली तरी त्यातील भार-ब्रेक वजन जागेवर धरून ठेवतो आणि ते मिलिमीटरच्या हिशेबात वर-खाली करता येते. बारा व्होल्टच्या विंचचा विचार प्रामुख्याने तीन परिस्थितींत सयुक्तिक ठरतो : विंच आधीपासून हाताशी असेल, काम वीज नसलेल्या ठिकाणी असेल, किंवा तेच यंत्र आज शेडमध्ये आणि उद्या ट्रॅक्टरच्या मागे पंप काढण्यासाठी न्यायचे असेल. ट्रॅक्टरवर वापरताना इंजिन चालू ठेवतात, म्हणजे अल्टरनेटर बॅटरीत भर घालत राहतो. तरीही मोठ्या भाराखाली मिनिट-दोन मिनिटे चालल्यावर मोटार थंड होऊ द्यावी लागते, कारण या मोटारी सलग कामासाठी बनवलेल्या नसतात. मोटारीच्या कवचावर हात ठेववत नसेल तर तिला विश्रांतीची गरज आहे, ही खूण कारागीर नेहमी वापरतात.